जास्तीची जमा

डहाणू रोडच्या बाजारात दुपारी तीन-साडेतीनचा एक तास असा येतो की रस्त्याला कोणी वालीच उरत नाही. सकाळच्या भाजीवाल्या टोपल्या पालथ्या घालून गेलेल्या असतात आणि संध्याकाळची गिऱ्हाइकं अजून घरातून निघालेली नसतात. त्या तासाला हेतल ट्रेडर्सचं शटर कमरेपर्यंत खाली यायचं. मालक मितेशशेठ घरी जाऊन जेवून आडवे व्हायचे, गोदामातला चिमण खताच्या गोण्यांवरच पाय पसरायचा, आणि काचेच्या केबिनमध्ये विनिता एकटी उरायची. समोर कॉम्प्युटर, उजव्या हाताला फोन, डोक्यावर कुरकुरता पंखा.

विनिता सेहेचाळीस वर्षांची. वाडीवाल्यांना खत, औषधं, सुतळी आणि प्लास्टिकचे क्रेट पुरवणाऱ्या या दुकानाचा हिशोब ती वीस वर्षं लिहीत होती. लग्न राहून गेलं ते गेलंच. आईचं दुखणं काढण्यात हातातली वर्षं सरली आणि चौदा साली आईही गेली. भाऊ प्रितम बोईसरला. त्याचा फोन भाऊबीजेला ठरलेला. स्टेशनच्या पूर्वेला तिच्या दोन खोल्या होत्या. संध्याकाळी कुलूप काढलं की आतून कोणी 'आलीस का' म्हणायचं नाही. कधी कधी रात्री भाजी फोडणीला टाकताना तिच्या ध्यानात यायचं की आज दिवसभरात आपण 'सुट्टे द्या' आणि 'इथे सही करा' यापलीकडे काही बोललोच नाही. मग ती फोडणीशीच चार शब्द बोलायची, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची.

महिन्यातला एकच दिवस याला अपवाद होता. पाच तारीख.

त्याचं असं झालं. सोळा सालापर्यंत दुकानाचा हिशोब लाल कापडाच्या वहीत होता. कोणी बिलापेक्षा जास्त पैसे दिले तर विनिता समासात बारीक अक्षरात लिहायची, 'अमक्याचे चाळीस आपल्याकडे', आणि पुढच्या खेपेला वळते करायची. मग कॉम्प्युटर आला, त्यात हिशोबाचं सॉफ्टवेअर आलं, आणि सॉफ्टवेअरला समास नव्हता. नोटबंदीच्या गडबडीत, डिसेंबरात, कैनाडच्या गोविंदराव साव्यांचा पहिला चेक आला. बिल होतं दोन हजार आठशे साठचं, चेक तीन हजारांचा. विनिताने रक्कम भरली. बिल मिटलं, पण एकशे चाळीस रुपये पडद्यावर तांबड्या अक्षरात लोंबकळत राहिले. तिने ते विक्रीत टाकून पाहिले, तर महिन्याची विक्री चुकली. सूट म्हणून टाकले, तर कॉम्प्युटरने सूट उलटीच मोजली. शेवटी सीएच्या ऑफिसातला माणूस येऊन समजावून गेला: हे पैसे आपले नाहीत, मॅडम. विक्रीत घ्यायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्याच नावावर जमा ठेवायचे, आणि त्याला फोन करून विचारायचं, परत देऊ की पुढच्या बिलात धरू. तो जे म्हणेल ते करायचं. पण विचारायचं नक्की.

म्हणून पाच तारखेला, याद्या छापून झाल्या की, विनिताने कैनाडला फोन लावला.

"हेतल ट्रेडर्समधून बोलतेय. तुमचे एकशे चाळीस रुपये जास्त आलेत काका. परत पाठवू?"

पलीकडचा आवाज मोठा, घुमणारा, एखाद्या धिप्पाड माणसाचा असावा तसा. "राहू द्या हो," ते म्हणाले. "पुढच्या बिलात धरा." आणि मग, फोन ठेवायच्या ऐवजी, त्यांनी विचारलं की डहाणूला आज थंडी आहे का.

पुढच्या महिन्यात बिल एक हजार नऊशे पस्तीसचं होतं. आधीचे एकशे चाळीस त्यातून वजा व्हायला हवे होते. चेक आला दोन हजारांचा. विनिताला हसू आलं. म्हाताऱ्या माणसाला मोडतोड आकडा लिहिण्याचा कंटाळा, दुसरं काय. पुन्हा फोन, पुन्हा 'पुढच्या बिलात धरा', आणि पुन्हा एखादा प्रश्न. असं करत करत जास्तीची जमा दर महिन्याला साठ-सत्तर रुपयांनी वाढत गेली आणि फोन पाच-सात मिनिटांनी. कधी पाऊण तास व्हायचा. चेक घेऊन येणारा हाल्या, म्हणजे गोविंदरावांच्या वाडीतला जुना गडी, टेम्पोत क्रेट चढवता चढवता म्हणायचा, "मालक आज सकालधरना फोनपाशी बसलाय." विनिता ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण पाच तारखेला ती घरून जरा बरी साडी नेसून निघायची, आणि तिचं तिलाच कळायचं नाही की फोनवरून साडी दिसते कुणाला.

गोविंदराव सत्तरी ओलांडलेले. मुलगा जतीन बडोद्याला नोकरीत, सून तिथली. बायको नर्मदा चार वर्षांपूर्वी गेलेली. चिकूची तीनशे झाडं आणि ते. फोनवर ते झाडांचंच बोलायचे: यंदा मोहर कसा, वटवाघळांनी कुठली फांदी साफ केली, माल उतरवताना कोण पडता पडता वाचलं. नर्मदेचा विषय मात्र निघता निघता निघाला, दुसऱ्या वर्षी. तिची एक रीत होती. झाड उतरवून झालं की शेंड्याचं एक फळ ती काढू द्यायची नाही. गडी हसायचे, व्यापारी चिडायचा, पण बाई ऐकायची नाही. झाड अगदी रितं करून सोडलं तर त्याला वाटेल आपलं काम संपलं, म्हणायची. क्रेट भरताना ती जुळवून जुळवून म्हणायची ती ओवी गोविंदरावांनी फोनवरच म्हणून दाखवली, त्या घुमणाऱ्या आवाजात, जराशी बेसूर:

फांदीच्या शेंड्यावरी एक फळ राहू दे गं,
वाटेच्या पाखराला दोन घास खाऊ दे गं.

ओवी संपली. पंखा कुरकुरत होता. शटरखालून उन्हाची एक पट्टी आत येऊन विनिताच्या पायापाशी पडली होती. मग ती म्हणाली, "काका, तुमचे आता एकूण नऊशे दहा झालेत." आणि ते म्हणाले, "असू द्या."

ही गोष्ट अठरा सालच्या मार्चपर्यंत अशी चालली.

जीएसटी येऊन वर्ष होत आलं होतं आणि सीए वैतागला होता. गिऱ्हाइकांची जुनी-पुरानी जमा यादीत पडून राहते, कशाचा काय पत्ता लागत नाही. एकतीस मार्चच्या आत सगळी परत करा, त्याने बजावलं. मितेशशेठची मुलगी हेतल, जिच्या नावाचं दुकान, वापीहून बी.कॉम. होऊन नुकतीच गल्ल्यावर बसायला लागली होती. पोरगी हुशार आणि नेटकी. तिने नवीन नियमच करून टाकला. एप्रिलपासून कोणी जास्त पैसे दिले तर त्याच दिवशी त्याच्या बँकेत परत, आणि मोबाइलवर मेसेज आपोआप. रोख आलेली जास्तीची रक्कम असेल तरच गिऱ्हाइकाला विचारायचं. विनिता हळूच म्हणाली की काही लोक मुद्दाम ठेवतात, त्यांना बरं वाटतं. शेठ हसले. "आपणे कंई बँक नथी, विनिताबेन. लोकांचे पैसे लोकांना गेले म्हणजे आपली झोप चांगली."

यात खोट कुठे होती? कुठेच नव्हती. म्हणून तिने परताव्याची यादी काढायला घेतली.

त्रेचाळीस गिऱ्हाइकांचा परतावा तिने दोन दिवसांत केला. गोविंदरावांचा शेवटी ठेवला. अकराशे चाळीस रुपये. बँकेचा नंबर विचारायचीही गरज नव्हती, तो चेकवरच छापलेला होता. तरी तिने फोन लावला आणि नवा नियम सांगितला. तिला वाटलं होतं, ते भांडतील. ते म्हणतील, माझे पैसे, मी ठेवीन नाहीतर फेकीन.

"म्हणजे आता मेसेज येणार," गोविंदराव म्हणाले.

"हो काका. लगेच येतो. चुकायचं कामच नाही."

"बरं आहे. मेसेज येतो तसा. बँकेचेही येतात, मोबाइल कंपनीचेही येतात." मग "बरं, ठेवतो," म्हणाले. त्यांची 'ठेवतो' म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

विनिताने परताव्याचं बटण दाबलं. तांबडा आकडा गेला. साव्यांच्या नावापुढे शून्य आलं, आणि यादी कशी स्वच्छ दिसू लागली.

एप्रिलमध्ये गोविंदरावांचा चेक आला तो चार हजार तीनशे सतरा रुपयांचा. बिल चार हजार तीनशे सतरा. मे महिन्यात दोन हजार अठ्ठ्याण्णव. बिल दोन हजार अठ्ठ्याण्णव. अक्षर तेच, थरथरतं पण वळणदार. विनिता तो आकडा पुन्हा पुन्हा पाहत राहिली. मोडतोड लिहिण्याचा कंटाळा होता ना या माणसाला?

पाच तारीख आली आणि गेली. साडेतीनला शटर खाली आलं, चिमण घोरू लागला, आणि विनिताने फोनवरची धूळ पुसली. नंबर पाठ होता. पण काय म्हणून लावायचा? तुमचं काहीच जास्त नाही, काहीच कमी नाही, हे सांगायला कोणी फोन करतं का? उधारी असती तर मागण्यासाठी लावता आला असता. ज्याचं खातं चोख, त्याच्याशी दुकानाचं बोलणंच संपतं. तिने उगाच जुन्या फाइली काढल्या, लावल्या, परत काढल्या. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरली.

दोन महिने तिने काढले. जूनच्या पाच तारखेला मात्र तिच्या हातून ते झालं.

तिने पर्समधून शंभराची नोट काढली, गल्ल्यात टाकली, आणि गोविंदराव साव्यांच्या नावावर रोख जमा म्हणून लिहिली. वीस वर्षांत तिच्या वहीत खोटी ओळ आली नव्हती. लोक गल्ल्यातून काढतात, हिने घातले. नियम होताच की रोख रकमेबद्दल गिऱ्हाइकाला विचारायचं. नियमाला धरून, दुपारी शटर खाली आल्यावर, तिने फोन उचलला.

पहिल्याच घंटीला पलीकडून उचलला गेला.

"विनिताबाई, मेसेज आला मला. शंभर मिळाले म्हणून. मी तर पाठवले नाहीत."

"हाल्याने दिले असतील काका. नाहीतर... चुकून कुठेतरी..."

"हाल्याला विचारलं मी. वही उघडूनच बसलोय." कागद उलटल्याचा आवाज आला. "वडील गेले तेव्हापासून रोज लिहितो. माझी वही एका पैशाने चुकत नाही, विनिताबाई. आजवर कधी चुकली नाही."

हे बोलून गोविंदराव थांबले. ज्याची वही एका पैशाने चुकत नाही, त्या माणसाने सोळा महिने दर महिन्याला चुकीचा चेक लिहिला होता. आपण काय बोलून बसलो हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं असावं, कारण पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. आणि इकडचे शंभर कोणाचे, हे तर सांगण्याची गरजच उरली नव्हती.

"असतील माझेच," शेवटी ते म्हणाले. आवाज एवढासा झाला होता. मग त्यांनी सांगायला घेतलं की विहिरीजवळच्या झाडाला सुतार पक्ष्याने भोक पाडलंय, आणि विनिताने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

जुलैत शंभर, ऑगस्टमध्ये शंभर. आता दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. ऑगस्टच्या फोनवर विनिता पहिल्यांदाच आपलं बोलली. आईची शेवटची दोन वर्षं कशी गेली, आणि ती गेल्यावर घरात औषधांचा वास कसा महिनाभर राहिला. तो वास गेला तेव्हा आपल्याला खरं रडू आलं, हे तिने प्रितमलाही कधी सांगितलं नव्हतं. गोविंदरावांनी मध्ये एकदाही 'हं' केलं नाही. तिला वाटलं फोन कट झाला. "ऐकतोय," ते म्हणाले.

सप्टेंबरच्या एका सकाळी हेतलने पावतीपुस्तक आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवून मेळ घातला.

"आंटी, या तीन कॅश एन्ट्री आहेत. सावेकाकांच्या. पावतीवर कोणाचीच सही नाही. पैसे गल्ल्यात आहेत, बरोबर आहेत. पण आले कुठून?"

विनिताला खोटं सांगता आलं असतं. चिमणवर ढकलता आलं असतं, हाल्यावरही. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्या पर्समधून," ती म्हणाली.

मितेशशेठना दोनदा सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. रागावायला आधी समजायला तर हवं. गल्ल्यातून काढणारे खूप पाहिले बेन, घालणारं माणूस पहिलं पाहतोय, म्हणाले. तब्येत बरी आहे ना, घरी काही अडचण आहे का, असंही विचारून झालं. मग, का केलं? उत्तर काय देणार? फोन करायला निमित्त हवं होतं, हे वाक्य मनातल्या मनात म्हणतानाच तिचे कान तापले. हेतल खाली मान घालून पेनाचं टोपण काढघाल करत राहिली. तिला बहुतेक कळलं होतं, आणि कळलं म्हणून ती अधिकच कोरडी बोलली: नोंद खोटी ती खोटीच. काकांच्या नावावर त्यांचे नसलेले पैसे ठेवता येत नाहीत, आणि त्यांच्या सहीशिवाय काढताही येत नाहीत. 'ही रक्कम माझी नाही' असं त्यांच्याकडून लिहून आणावं लागेल. "तुम्हीच आणा आंटी," ती म्हणाली. मग शेठनी, नजर चुकवत, गल्ल्याची किल्ली तूर्त हेतलकडे राहू दे म्हणून सांगितलं. वीस वर्षं ती किल्ली विनिताच्या कमरेला होती. काढताना गाठ सुटेना, तर चिमणने कात्री आणून दिली.

दुसऱ्या दिवशी ती हाल्याच्या टेम्पोतून कैनाडला गेली. रिकाम्या क्रेटचा खडखडाट एवढा की बोलणं शक्य नव्हतं, ते बरंच झालं. भाताची हिरवी खाचरं दोन्ही बाजूंनी मागे जात होती. मग वाडी आली: दाट, काळसर झाडं, आणि त्यांच्याखाली संध्याकाळसारखी सावली.

ओटीवर एक किरकोळ, वाकलेला माणूस उभा होता. सदऱ्याला ताजी इस्त्री. एवढा मोठा आवाज या एवढ्याशा छातीतून निघतो? तोही तिच्याकडे बघून क्षणभर गोंधळला. त्याच्या मनातली विनिताबाई बहुधा याहून उंच असावी. फोनवर तासन् तास बोलणारी ती दोघं समोरासमोर आली आणि बोलणं 'रस्ता कसा होता' यावरच अडलं. एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते खुर्ची फिरवून डावी बाजू तिच्याकडे करून बसले. त्यामुळे बोलताना ती त्यांच्या कानाशी बोलत होती आणि ते अंगणाशी. तसं बसल्यावर जरा सोपं झालं.

तिने कागद पुढे केला आणि काय झालं ते सांगितलं, किल्लीसकट. किल्लीचं ऐकून त्यांनी मान वळवून पहिल्यांदा नीट तिच्याकडे पाहिलं.

"सही केली की मिळेल परत?"

"माहीत नाही काका. मिळेल बहुतेक."

त्यांनी भिंग लावून कागद वाचला. 'सदर रुपये तीनशे माझे नाहीत, माझा त्यावर हक्क नाही.' सही करायला त्यांना बराच वेळ लागला. मग उठून आतून वही आणली. लांबट, जाड पुठ्ठ्याची. जूनपासून लिहिलेले शंभर-शंभर त्यांना खोडायचे होते. त्यांनी पानं उलटली आणि विनिता शेजारी बसलेली असल्यामुळे तिला ती दिसली. खर्चाच्या बाजूला एकाखाली एक ओळी होत्या. खत. मजुरी. हाल्याला उचल. दिवाबत्ती. आणि दर महिन्याला, पाच तारखेसमोर, एक ओळ: फोन, एकशे चाळीस. फोन, पासष्ट. फोन, नव्वद. खताच्या आणि दिवाबत्तीच्या मधोमध, घरखर्चातलीच एक बाब असावी तशी. अठराच्या मार्चचं पान आलं तेव्हा त्यांचा हात जरा घाईने पुढे सरकला, पण तिने वाचलं होतं. जमेच्या बाजूला, त्याच वळणदार अक्षरात: 'फोन परत आले, अकराशे चाळीस.'

ती त्या ओळीकडे बघत राहिली. तिनेच पाठवले होते. एक बटण दाबून, सगळेच्या सगळे, एका दिवसात.

"मला वाटलं तुम्ही कंटाळलात," गोविंदराव अंगणाला म्हणाले. "म्हातारा माणूस, काय तेच तेच झाडांचं."

"नियम होता काका."

"ते कळलं मला. नियम होता." त्यांनी वही मिटली. "मी तरी कुठे फोन केला? नंबर होता की माझ्याकडे. बिलावरच छापलेला असतो."

हाल्याने चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर, कप बाजूला सारता सारता, त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर वाडी ठेक्याने जायची होती. जतीननेच सगळं ठरवलं; बाबा आता तुमच्याने होत नाही, म्हणाला, आणि ते खरंच होतं. ठेकेदार वलसाडचा. खत, औषध, क्रेट, सगळा माल तो तिकडून आणणार. हाल्याला त्यानेच ठेवून घेतलं होतं. घर तेवढं गोविंदरावांकडे राहणार होतं.

"म्हणजे तुमच्याकडे आता माझं बिल व्हायचं नाही," ते म्हणाले. "ते खातं बंद करून टाका. उगाच रिकामं नाव कशाला यादीत."

विनिताने कागदाची घडी घातली. परत जाताना ती हाल्याच्या शेजारी बसली होती आणि टेम्पोत माल भरलेला असल्यामुळे खडखडाट नव्हता.

किल्ली तिला आठवड्याने परत मिळाली. हेतलनेच, कोणी नसताना, तिच्या टेबलावर आणून ठेवली. सोबत तीनशे रुपयांचं पाकीट. हेतल काही विचारेल असं विनिताला वाटलं होतं. ती जाता जाता पंखा एका घराने कमी करून गेली, कारण विनिताचे कागद उडत होते.

ऑक्टोबरचं बिल झालं, नोव्हेंबरचं अर्धंमुर्धं झालं. दोन्ही चेक रुपयाला रुपया. मग नाव थांबलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. गोविंदराव साव्यांच्या पानावर शून्याखाली शून्य येत गेलं. विनिता रोज कामाला जायची, याद्या छापायची, ज्यांचे जास्त आले त्यांचे त्याच दिवशी परत करायची. तक्रारीला जागा नव्हती. फक्त दुपारचा तो तास पूर्वी तासाएवढाच असायचा, तो आता लांबत लांबत चहाच्या वेळेलाही संपेनासा झाला. कधी कधी तिला वाटायचं की कैनाडच्या त्या ओटीवरही हाच तास चालू असेल, आणि तिथे तर शटरसुद्धा नाही वर करायला.

एकोणीसच्या मार्चमध्ये हेतलने यादी दिली. यापुढे व्यवहार होणार नसलेली खाती बंद करायची होती. एकोणतीस नावं. विनिता एकेक उघडत गेली, शिल्लक तपासत गेली, बंद करत गेली. सतरावं नाव आलं. कॉम्प्युटरने विचारलं: या ग्राहकाचं खातं बंद करायचं का? देणं नाही, येणं नाही. मग तिने 'हो' दाबलं, कारण ते खरं होतं. नाव यादीतून गेलं आणि खालचं नाव वर सरकलं.

साडेतीन वाजले होते. चिमण झोपला होता. विनिता उठली, केबिनचं दार लोटून गोदामाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. तिथे खताचा उग्र वास होता आणि समोर कोणाच्या तरी परसातलं शेवग्याचं झाड. तिने आपला मोबाइल काढला. दुकानाच्या कामासाठी तो तिने कधी वापरला नव्हता. नंबर एकेक करून दाबला आणि कानाला लावला.

घंटी बराच वेळ वाजली. तिला वाटलं, ठेवून द्यावा.

"कोण?" तोच मोठा आवाज, पण सावध. अनोळखी नंबर.

"मी विनिता."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कान बदलला असावा.

"काही राहिलं का माझं?" गोविंदरावांनी विचारलं. "खातं मिटलं नाही का अजून?"

"मिटलं काका. आत्ताच बंद केलं मी."

"मग?"

या 'मग'ला तिच्याकडे आकडा नव्हता, यादी नव्हती, नियम नव्हता. ती शेवग्याकडे बघत गप्प राहिली. पैसे जातायत, एवढंच तिच्या डोक्यात आलं, तिचेच, मिनिटामागे. आणि तरी तिने फोन ठेवला नाही. कैनाडला कुठेतरी लांब ठेकेदाराची माणसं एकमेकांना हाका मारत होती. त्या हाका थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या.

"जेवलात?" गोविंदरावांनी विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "डबा आत राहिलाय."

"घेऊन या मग," ते म्हणाले. "मी आहे फोनवर."